रजनीशांचे सक्रिय ध्यान आणि हिंदी प्रवचने : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या कार्तिकात मी आचार्य रजनीशांचे सक्रिय ध्यान करू लागले आणि त्याच आठवड्यापासून संध्याकाळी त्यांची हिंदी प्रवचने ऐकू लागले. आता आषाढ संपत आला आहे. तापाचे काही दिवस आणि घरातल्या लग्नाचा आठवडा सोडला तर खंड पडलेला नाही. सुरुवात करण्यापूर्वी मी माहिती शोधली तेव्हा एक तर भक्तांची स्तुती सापडली किंवा नुसती निंदा. रजनीशांच्या शिष्यत्वाची माळ न घालता, घरसंसार आणि नोकरी सांभाळून हे रोज करणाऱ्या कुणाचा अनुभव मराठीत वाचायला मिळाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो आणि मी एका खासगी कंपनीत हिशेब पाहते. सासूबाई अडीच वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या, आणि झोप येईल असे वाटत असताना उलट माझी झोपच उडाली. दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले की तुम्ही झोपेत दात खाता, दाढांची टोके झिजली आहेत. त्यांनी रात्री घालायला प्लास्टिकचे कवच दिले. तीन महिन्यांत त्या कवचावरही खोल खाचा पडल्या. शांत बसून करायचे ध्यान मी त्याआधी दोनदा करून सोडले होते, कारण डोळे मिटले की मनात भांडण सुरू व्हायचे. रजनीशांचे म्हणणे नेमके हेच होते की आजच्या माणसाच्या आत इतके दाबलेले असते की त्याला एकदम गप्प बसवून उपयोग नाही. आधी ते बाहेर पडू द्यावे, मग शांतता आपोआप येते. हे वाक्य मला पटले आणि मी सुरुवात केली.

ही पद्धत त्यांनी १९७०मध्ये मांडली. वेळ एक तास, टप्पे पाच. पहिली दहा मिनिटे नाकाने जोरजोरात, मुद्दाम लय मोडत श्वास घ्यायचा आणि भर उच्छ्वासावर ठेवायचा. पुढची दहा मिनिटे रडणे, ओरडणे, हातपाय झाडणे, जे येईल ते येऊ द्यायचे. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही हात वर करून ‘हू, हू’ असा आवाज करत दहा मिनिटे उड्या मारायच्या. मग थांबण्याची सूचना होते आणि शरीर ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत पंधरा मिनिटे निश्चल राहायचे. शेवटची पंधरा मिनिटे नाचायचे. पोट रिकामे असावे आणि डोळे पूर्ण वेळ मिटलेले असावेत. त्यासाठीचे संगीत डॉयटर या जर्मन संगीतकाराचे आहे. टप्पा बदलला की संगीत बदलते, त्यामुळे घड्याळाकडे पाहावे लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि एकदा भिंत धरून खाली बसावे लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कारण सांगितले: फार वेगाने श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे चक्कर येते, बोटे आखडतात. त्यांनी रक्तदाब तपासला, तो ठीक होता, आणि वेग कमी ठेवायला सांगितले. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा फिटांचा त्रास आहे त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा प्रकार करूच नये. मोठ्या मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी त्या डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या टप्प्यात पहिले अकरा दिवस माझ्याकडून काहीच बाहेर आले नाही. मी नुसते हात हलवत होते. आमच्या गच्चीवरच्या खोलीत सासूबाईंची हवेची गादी गुंडाळून ठेवलेली होती. बाराव्या दिवशी डोळे मिटलेले असताना माझा हात त्या गादीच्या रबरी नळीवर पडला, आणि त्या नळीला जोडलेल्या पंपाची रात्रभर चालणारी गुरगुर जशीच्या तशी कानात आली. त्यानंतर मी काय केले ते मला क्रमाने सांगता येत नाही. मी त्या गादीला बुक्क्या मारत होते, सासूबाईंना नावे ठेवत होते, मग त्याच गादीला मिठी मारून त्यांची क्षमा मागत होते. अडीच वर्षांत मी त्यांच्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता. तो सगळा न चढवलेला आवाज त्या दिवशी निघाला. चौथ्या टप्प्यात हात वर तसेच राहिले, कोपरावरून घामाचा एक थेंब काखेपर्यंत उतरलेला कळला, आणि खाली रस्त्यावर कचरागाडीचे गाणे वाजत गेले तेही कळले. ते गाणे मी वर्षानुवर्षे रोज सकाळी ऐकत आले आहे, पण त्याच्यामागे मनात काही न बोलता ते पहिल्यांदाच ऐकले.

असे दिवस आठ महिन्यांत सहा-सात आले असतील. बाकीचे दिवस नुसत्या व्यायामाचे. पण झोप दुसऱ्या महिन्यापासून सुधारली. फाल्गुनात डॉक्टरांनी नवे कवच दिले, त्यावर आजवर अगदी पुसट रेघा आहेत. शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. खालच्या काकूंनी एकदा जिन्यात थांबवून विचारले, “अगं, सकाळी वर कोण रडतं? काही त्रास आहे का तुला?” मी त्यांना सगळे सांगितले आणि तेव्हापासून उशीत तोंड घालून ओरडते. ‘हू’ हा आवाजही मनातल्या मनात करते. परिणामात मला फरक जाणवला नाही. उड्यांनी चौथ्या महिन्यात डावा गुडघा दुखू लागला, तेव्हा जमिनीवर जुनी सतरंजी चौपदरी घातली आणि टाचा न उचलता नुसते गुडघ्यांत झुलायला सुरुवात केली.

प्रवचनांचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे घरात आणखी एक श्रोता होता. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, निवृत्त हिंदी शिक्षक, आयुष्यभर खादी वापरणारे. पहिल्या संध्याकाळी मी एक जुने प्रवचन लावले आणि ‘मेरे प्रिय आत्मन्’ हे संबोधन ऐकताच ते आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. साठच्या दशकात, रजनीश गावोगाव फिरत असताना, नानांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले होते. तेव्हा दाढी काळी होती आणि अंगावर पांढरी चादर असे, असे ते म्हणाले. गांधी जन्मशताब्दीच्या सुमारास रजनीशांनी चरख्यावर आणि गरिबीला दिल्या जाणाऱ्या मोठेपणावर टीका केली, यंत्रांशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही असे सांगितले, आणि नानांनी त्यांचे नाव टाकले. आमच्या घरात ते नाव नंतर कधी निघालेच नाही.

रजनीशांची हिंदी अतिशय सुंदर आहे. वाक्य संथपणे वर चढते, मध्ये थांबते, आणि त्या थांबण्यातच ऐकणारा पुढचा शब्द शोधू लागतो. पुण्यात १९७४ ते १९८१ या काळात ते साधारण एक महिना हिंदीतून आणि एक महिना इंग्रजीतून बोलत. अष्टावक्रावरची ९१ हिंदी प्रवचने त्याच काळातली. मी त्यांतली निम्मी ऐकली. कबीर आणि नानकांवरचीही ऐकली. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कबीरापासून करावी, कारण तिथे बोलणारा आणि ज्याच्यावर बोलायचे तो, दोघेही एकाच जातीचे परखड आहेत. तुकोबांवर लहानपणापासून वाढलेल्या माणसाला तो सूर लगेच ओळखीचा वाटतो. मात्र गोष्टी आणि ऐतिहासिक प्रसंग सांगताना ते तपशील हवे तसे वळवतात, आणि महिन्याभरापूर्वी जे ठासून सांगितले त्याच्या उलट तितक्याच ठामपणे सांगतात. त्याला ते स्वतः दोष मानत नसत. मी मानते. विचार बदलणे वेगळे आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्याची टाळी घेणे वेगळे.

मेमध्ये कामानिमित्त जबलपूरला जाणे झाले. इंदूरहून रात्रीची गाडी धरली, पहाटेच्या अंधारात गाडरवारा येऊन गेले. रायसेन जिल्ह्यातल्या कुचवाड्यात आजोळी ११ डिसेंबर १९३१ रोजी जन्मलेला चंद्रमोहन जैन हा मुलगा, म्हणजेच पुढचे रजनीश, आजोबांच्या मृत्यूनंतर आईवडिलांकडे याच गाडरवाऱ्यात वाढला. पुढे त्यांनी १९५७मध्ये सागर विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. केले, जबलपूरला प्राध्यापकी केली आणि १९६६मध्ये ती सोडली. जबलपूरच्या भंवरताल उद्यानातल्या मौलश्रीच्या झाडाखाली २१ मार्च १९५३ रोजी आपल्याला बोध झाला असे ते सांगत. मौलश्री म्हणजे आपली बकुळ. मी दोन फुले उचलून रुमालात बांधली. ती आता वाळून तपकिरी झाली आहेत आणि वास तसाच आहे. त्या झाडाखाली मला विशेष काही वाटले नाही, पण एकवीस वर्षांचा एक मुलगा वर्गातले तर्कशास्त्र सोडून रात्री इथे येऊन बसत होता, एवढे मात्र डोळ्यांसमोर स्पष्ट आले.

आता दुसरी बाजू, आणि ती मी थोडक्यात आटोपणार नाही. १९८१मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ओरेगन राज्यात सुमारे ६४,००० एकरांच्या कुरणावर शिष्यांनी रजनीशपुरम् ही वसाहत उभारली. त्याच वर्षी त्यांनी जाहीर बोलणे थांबवले, ते १९८४पर्यंत. त्या काळात त्यांच्या वतीने सारा कारभार त्यांच्या सचिव माँ आनंद शीला पाहत होत्या. त्या आपल्या शेजारच्या बडोद्याच्या. १९८४च्या शरदात, जिल्ह्याच्या निवडणुकीत विरोधी मतदारांना मतदानापासून दूर ठेवता यावे म्हणून, द डॅल्स गावातल्या दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली. कुणी दगावले नाही. शीला यांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. रजनीशांनी हे सारे आपल्या नकळत झाले असे सांगून शीलांवर स्वतःच जाहीर आरोप केले. त्यांच्यावर विषप्रयोगाचा खटला चालला नाही. स्थलांतर कायद्याखालच्या प्रकरणात मात्र दहा वर्षांची स्थगित शिक्षा आणि चार लाख डॉलर भरून त्यांनी नोव्हेंबर १९८५मध्ये तो देश सोडला. आश्रमांत वाढलेल्या काही मुलांनी मोठेपणी आपल्या वाट्याला आलेल्या दुर्लक्षाबद्दल आणि लैंगिक अत्याचारांबद्दल जाहीरपणे सांगितले आहे. ते वाचल्यावर मी तीन दिवस प्रवचन लावले नाही.

मी हिशेब पाहणारी बाई आहे. आमच्याकडे ज्याची सही त्याची जबाबदारी असते. कागद न वाचता सही केली हे उत्तर चालत नाही. ज्यांनी एका व्यक्तीच्या हाती सगळे अधिकार देऊन स्वतः मौन धरले, आणि भेट म्हणून आलेल्या ९३ रोल्स रॉईस गाड्यांमधून शिष्यांच्या रांगांसमोरून रोज फेरी मारली, त्यांना ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. माझी झोप परत आली म्हणून ही नोंद पुसली जात नाही, आणि ही नोंद आहे म्हणून माझी झोप खोटी ठरत नाही. ही दोन खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यातल्या तुटीवर वळती करायची नाही, एवढा नियम मी आठ महिने पाळला आहे, आणि भक्त व टीकाकार दोघेही मला नेमका तोच मोडायला सांगतात.

माघात मी शहराबाहेर दोन दिवसांच्या एका शिबिराला गेले होते. तिथे पहिल्या सकाळी श्वासाच्या टप्प्यात एका तरुण मुलीची बोटे आखडून वाकडी झाली आणि ती घाबरून रडू लागली. शिबिर चालवणारे म्हणाले, “होऊ द्या, ऊर्जा जागी होते आहे.” मी ध्यान सोडून तिच्याजवळ बसले, तिला सावकाश श्वास घ्यायला लावले, आणि दहा मिनिटांत हात सुटे झाले. दुपारी मी याबद्दल विचारले तेव्हा प्रश्न विचारणारे मन म्हणजेच अहंकार, असे उत्तर मिळाले आणि संध्याकाळी संन्यासाचा अर्ज पुढे करण्यात आला. मी तो कोरा परत दिला. ज्या माणसाने आयुष्यभर शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारले, त्याच्या नावाने चाललेल्या ठिकाणी प्रश्नाला अशी वागणूक मिळावी याचे मला अजून वाईट वाटते. तेव्हापासून मी घरीच करते आणि नवख्यांनाही सांगते की पहिले काही दिवस जवळ कुणी ओळखीचे माणूस असू द्या.

सध्या आठवड्यातून चार दिवस पूर्ण तास करते, बाकी दिवस नुसते पंधरा मिनिटे स्तब्ध उभे राहणे. संध्याकाळी प्रवचन चालूच आहे. परवा नानांनी आपणहून गांधींवरचे बोलणे लावायला सांगितले. खुर्चीत ताठ बसून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, मध्ये दोनदा “हे चूक आहे” असे मोठ्याने म्हणाले, आणि ‘मेरे प्रणाम स्वीकार करें’ हे शेवटचे वाक्य आले तेव्हा हात जोडले. त्याच्या पुढचे प्रवचन आज लावायचे आहे. नानांनी आपले आक्षेप वहीच्या पानावर क्रमांक घालून लिहून ठेवले आहेत आणि प्रत्येक आक्षेपाशी मी प्रवचन थांबवावे, अशी त्यांची अट आहे.