पोलिसांची जुनी ब्रिटिश मोटरसायकल: सेंट, इंटरपोल की एलई?

ब्रिटिश पोलिसांकडची जुनी मोटरसायकल घेऊन ती पूर्ववत करायची म्हटलं, की तीन नावं हमखास पुढे येतात: ट्रायम्फची सेंट, नॉर्टनची कमांडो इंटरपोल आणि व्हेलोसेटची एलई. वेग, आवाज, रंगरूप हे सगळं नंतर. गाडी खरोखर पोलिसांकडे होती हे दाखवता येतं का, ते आधी बघा. पांढरा रंग, फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) आणि रेडिओची पेटी कुठल्याही साध्या गाडीवर चढवता येते, आणि तशी चढवून गाड्या विकल्याही जातात.

या कसोटीवर सेंट सरळ पुढे जाते. ‘स्टॉप एनीथिंग इन नो टाइम’ची आद्याक्षरं म्हणजे सेंट. ट्रायम्फच्या मेरिडन इथल्या कारखान्यातली ही 650 सीसीची दोन सिलिंडरची गाडी. 1960 च्या दशकातल्या टीआर6पी मॉडेलची ओळख इंजिनवरच ठोकलेली असते. डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी नंबरासाठी सपाट जागा आहे. तिथे टॉर्च तिरका धरून बघा. ‘टीआर6पी’मधला ‘पी’ बाकीच्या अक्षरांच्या रांगेत आणि तितकाच खोल हवा. 1969 पासून या जागेवर ट्रायम्फचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं असायचं. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल, तर ही नक्षीही पुसली जाते. शिवाय तोच नंबर फ्रेमवर, हँडलच्या मानेपाशी असायला हवा. मग व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे कारखान्याच्या नोंदी आहेत, तिथून गाडी कधी बाहेर पडली आणि कुणाला गेली याचा उतारा मागवा. असा उतारा हातात असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

कामाच्या दृष्टीनेही सेंट सोपी. कार्ब्युरेटर एकच, त्यामुळे दोन जुळवत बसण्याची कटकट नाही, आणि सुटे भाग सहज मिळतात. थरथर आणि तेलगळती मात्र गृहीत धरा.

रस्त्यावर चालवायला इंटरपोल सरस. कमांडोचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा भाग) रबरावर एकत्र टांगलेले असल्याने लांबच्या प्रवासात हात बधिर होत नाहीत. त्या रबरांची फट पातळ चकत्या घालून नेमकी राखावी लागते. ती वाढली की वळणावर गाडी डुलते. इंजिन, गिअरबॉक्स आणि फ्रेम यांवरचे नंबर जुळताहेत का ते बघा. ते जुळले तरी पोलिसांशी नातं सांगायला कागदच लागतात. कागद नसतील तर इंटरपोलची वेगळी किंमत देऊ नका, कमांडोचीच द्या.

एलईचा प्रकारच निराळा. 1948 साली आलेली, आधी 149 आणि पुढे 192 सीसीची, पाण्याने थंड होणारी, साखळीऐवजी शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर चालणारी गाडी. पन्नासहून जास्त पोलीस दलांनी ती गस्तीसाठी घेतली, कारण ती येतेय हे कुणाला ऐकूच जात नसे. सलाम ठोकायला हात हँडलवरून काढावा लागू नये म्हणून शिपायांना नुसती मान डोलवायची मुभा होती. त्यावरूनच (इंग्रजीत ‘नॉड’ म्हणजे मान डोलवणं) तिला ‘नॉडी बाइक’ म्हणू लागले, असं सांगतात. जागा कमी आणि घाई नसेल तर ही घ्या. वेग ताशी 50 मैलांच्या आसपासच. पत्र्याच्या फ्रेमला आतून लागलेला गंज आणि पाण्याच्या वाटेतलं कुजलेलं ॲल्युमिनियम हीच दोन मोठी खर्चाची कामं. सुट्या भागांसाठी एलई व्हेलो क्लबचं सदस्यत्व घ्याच.

तिन्हींपैकी कोणतीही घेतलीत तरी रंग खरवडायची घाई करू नका. सीटखाली राहिलेला जुना रंग, मडगार्डवरची बुजवलेली भोकं, रेडिओसाठी ओढलेली आणि मध्येच कापलेली वायर, हे सगळं आधी फोटोत घ्या. पोलिसांनी गाडी विकताना सामान काढून घेतलेलं असायचं. कुठे काय बसवलेलं होतं ते या खुणांवरूनच कळतं. शक्य तिथे मूळ रंग तसाच ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

निळ्या दिव्याचा मोह मात्र आवरा. ब्रिटनच्या रस्त्यावर खासगी गाडीला तो लावता येत नाही, बंद असला तरी नाही. प्रदर्शनाला पोहोचल्यावर बसवा आणि निघताना काढून पेटीत ठेवा.