ऑर्किड मिक्सचं पाकीट, सोलापूरच्या उन्हात वापरून बघितलं

सोलापुरातल्याच एका नर्सरीतून फॅलेनॉप्सिस या ऑर्किडसाठी कुंडीत भरायचं तयार मिक्स आणलं, घरी उघडलं तर निम्मा नुसता कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याचा, भुगा. तो पाणी धरून बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही, माझी तीन मुळं काळी पडली, फार वाईट वाटलं. ही झाडं मुळात झाडांच्या खोडाला धरून वाढणारी, त्यांना माती नकोच असते. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये लोक त्यांना कोंदट, तापलेल्या काचघरात ठेवायचे आणि ती ढिगाने मरायची, मग १८३०च्या दशकात चॅट्सवर्थ नावाच्या तिथल्या मोठ्या जहागिरीत मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननं खेळती हवा दिली, उष्णता कमी केली तेव्हा कुठं जगायला लागली. पुढं कित्येक वर्षं ऑस्मुंडा नावाच्या नेच्याची मुळं कुंडीत वापरायचे, नंतर झाडाची साल आली.

मग मी भुगा चाळून टाकला आणि उरलेल्या सालीत नारळाच्या सोडणाचे तुकडे (दोन दिवस पाणी बदलत भिजवून, क्षार निघायला पाहिजेत), लाकडी कोळसा अन् थोडे विटांचे तुकडे घातले. आता मुळांची हिरवी टोकं दिसतायत! आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो म्हणून नुसती साल फार लवकर वाळते, सोडण बरं पडतं. पाच पैकी दोन स्टार, तेही त्यातल्या चांगल्या सालीसाठी. घेताना पाकीट हलवून बघा, खाली भुगा साचला तर घेऊ नका.