बेळगावात टिळकवाडीतल्या वेबसाईट दुरुस्तीवाल्याचा अनुभव, पाचपैकी साडेचार

आमच्या बाबांचं शहापुरात साडीचं दुकान आहे, इरकल, शहापुरी, काठापदराच्या असल्या सगळ्या, आणि लॉकडाऊननंतर आम्ही वेबसाईट करून घेतली. कुणी केली त्यांचं नाव घेत नाही. दिसायला छान होती, दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळं चालायचं, पण गडहिंग्लज, निपाणी, चंदगडकडनं गिऱ्हाईकांचे फोन यायचे की रंगावर बोट ठेवलं तरी काय होईना, साडीचं नाव घातलं तर काहीच येईना. वेबसाईट करणाऱ्यांना कळवलं तर "दुसऱ्या ब्राउजरमध्ये उघडायला सांगा" एवढंच उत्तर. आता गिऱ्हाईकाला असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एक दादा एकटेच काम करतात त्यांच्याकडं गेले. पहिल्यांदा कोड मागितला नाही त्यांनी, जे फोन बिघडतात ते घेऊन या म्हणाले. आईचा अँड्रॉइड, मावशीच्या पोराचा आयफोन घेऊन गेले. त्यांनी पेजच्या खाली एक छोटी चौकट लावली, बोट लावलं की कुठला इव्हेंट (दाबलं, टाईप केलं असली ब्राउजरनं कोडला दिलेली खबर) आला ते त्यात एकाखाली एक उमटायचं.

सर्चचं मी डोळ्यांनी बघितलं. आईच्या फोनवर मराठी कीबोर्डनं "इरकल" टाईप केलं तर चौकटीत प्रत्येक अक्षराला एकच आकडा, 229, 229, 229. जुना कोड कीडाऊनला (की दाबल्याच्या इव्हेंटला) कीकोड, म्हणजे त्या कीचा आकडा, बघून हे अक्षर आहे की नाही ठरवायचा, आणि अँड्रॉइड क्रोममध्ये स्क्रीनवरच्या कीबोर्डवरनं बहुतेक वेळा हा 229च येतो, त्यामुळं कोडला वाटायचं कुणी काही टाईपच केलं नाही. म्हणजे इतके महिने आमची गिऱ्हाईकं नाव घालत होती आणि आम्ही ऐकतच नव्हतो, लई वाईट वाटलं मला. दादांनी कीकोड काढूनच टाकला, इनपुट इव्हेंट (मजकूर बदलला की येतो तो) लावला आणि सर्चच्या चौकोनात प्रत्यक्ष काय लिहिलंय तेच वाचायला लावलं.

रंगाच्या गोल चकत्यांचं वेगळं होतं. त्या नुसत्या डिव्ह (पेजवरचे साधे कप्पे, बटणं नव्हेत) होत्या आणि क्लिक ऐकायला कोड बसवलेला वर डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पेजवर. आयफोनची सफारी असल्या डिव्हवर बोट लावलं तर क्लिक वरपर्यंत पोचवतच नाही, तिला ती दाबायची वस्तू वाटत नाही. सीएसएसमध्ये (पेजचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) कर्सर पॉइंटर टाकला तर चालतं, तसं करून दाखवलंही त्यांनी, पण शेवटी खरी बटणंच केली, म्हणजे कीबोर्डवरनंसुद्धा रंग निवडता येतो.

फोटोचा स्लायडर टच आणि माऊसच्या दोन वेगळ्या कोडवर होता तो पॉइंटर इव्हेंटवर, म्हणजे बोट आणि माऊस दोन्हींना एकच, आणला (सफारीत ते 2019 पासून आहेत). मधेच पेज सरकलं की पॉइंटरअप (बोट उचलल्याचा इव्हेंट) येतच नाही, पॉइंटरकॅन्सल (मधेच रद्द झाल्याचा) येतो, तो सांभाळला नाही तर फोटो अर्ध्यात अडकतो, तेही केलं. इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउजरसाठीचे, इव्हेंट ऐकायचे (अटॅचइव्हेंट) जुने तुकडे पुसले.

मला आवडलं ते हे की जुन्या कोडमध्ये जागोजागी ब्राउजरचं नाव ओळखून वेगवेगळी ठिगळं लावलेली, ती सगळी गेली. "ताई, ब्राउजरला नाव विचारायचं नाही, तुला हे येतं का ते विचारायचं," म्हणाले. नाव विचारून लावलेलं ठिगळ पुढच्या अपडेटला परत फाटतंय, हे आम्ही भोगलंय की.

पैसे सहा हजार घेतले, आणि कुठल्या ठिकाणी कुठला इव्हेंट का ऐकलाय ते मराठीत पानभर लिहून दिलं. अर्धा मार्क कापला कारण चार दिवस म्हणून अकरा दिवस लावले, आणि नेमके गणपतीच्या आधीचे, साड्यांची विक्री असते तेव्हाचे.

एक राहिलंय अजून. भावाच्या मॅकवर, इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटतं त्या कीबोर्डनं, शब्द निवडायला एंटर दाबलं की सर्चच सुरू होतोय. सफारी तिथं आधी कंपोझिशन (शब्द जुळवणं) संपल्याचं कळवते आणि एंटरचा कीडाऊन मागनं पाठवते म्हणे, म्हणून एवढ्या एका जागी तो 229 परत तपासायला लागणार (229 आला म्हणजे एंटर शब्द निवडायलाच दाबलाय). शनिवारी भाऊ मॅक घेऊन येतोय, तेव्हा जायचंय.