कमानीची खिडकी आणि हरिकेन: फ्लोरिडातल्या घरासाठी तीन वाटा

टँपा, ओरलँडो किंवा फोर्ट मायर्सच्या बाजूला १९९०च्या दशकात किंवा त्यानंतर लगेच बांधलेलं घर घेतलं असेल, तर त्यात चौकोनी नसलेली एक तरी खिडकी बहुधा असते. मुख्य दारावर अर्धवर्तुळ, दुमजली उंचीच्या हॉलमध्ये मोठी कमान, जिन्यालगत एका बाजूने तिरपी काच, बाथटबच्या डोक्यावर अष्टकोन. घर बघायला जातो तेव्हा याच खिडकीवर जीव जडतो. इम्पॅक्ट विंडोचं, म्हणजे वादळात उडून येणाऱ्या वस्तूंचा फटका सोसणाऱ्या खिडकीचं, कोटेशन हातात आलं की नजरही याच ओळीवर अडते, कारण तेवढ्याच मापाच्या चौकोनी खिडकीपेक्षा ती बरीच महाग असते आणि बनून यायला जास्त वेळ घेते. मग कोणीतरी सुचवतं, "ही एक राहू द्या, बाकीच्या करून घ्या."

ही एक राहू देऊ नका. काय करायचं ते खाली येईलच, पण सोडायची नाही एवढं आधी ठरवून टाका.

कारण इन्शुरन्सचं आहे. फ्लोरिडात प्रीमियममध्ये सवलत मिळते ती विंड मिटिगेशन तपासणीवर, म्हणजे घर वाऱ्यापुढे किती टिकेल याच्या तपासणीवर. तपासनीस घरी येतो, फोटो काढतो आणि ओआयआर-बी१-१८०२ हा राज्याचा ठरलेला फॉर्म भरतो. त्यात छताची बांधणी, छत भिंतीला कसं जखडलंय हे सगळं असतं, आणि एक भाग दारं-खिडक्यांच्या संरक्षणाचा असतो. तिथे सरासरी काढत नाहीत. घरात काच असलेल्या जितक्या जागा असतील, त्यांतली सगळ्यात कमजोर जी असेल तिच्यावरून अख्ख्या घराचा वर्ग ठरतो. छतातला स्कायलाइट, दाराशेजारची उभी काच, गॅरेजच्या दारात तावदानं असली तर तीही मोजली जातात. म्हणजे इतर सगळ्या खिडक्या उत्तम बसवल्या आणि दारावरचं अर्धवर्तुळ तसंच ठेवलं, तर त्या रकान्यात तुमचं घर उघडंच धरलं जाईल.

वाऱ्याचं गणितही तेच सांगतं. एक काच फुटली की वारा आत घुसतो आणि घर आतून फुगतं. छताला बाहेरून वर ओढणारा जोर असतोच, त्यात आतून वर ढकलणारा जोर मिळतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीकडे कौलं आणि पत्रे उडाले ते ज्यांनी पाहिलं, त्यांना वारा छताचं काय करतो हे वेगळं सांगायला नको. फ्लोरिडाने हा धडा ऑगस्ट १९९२मध्ये अँड्र्यू या हरिकेनकडून घेतला. मायामीच्या दक्षिणेचा होमस्टेडचा परिसर त्यात उद्ध्वस्त झाला, आणि त्यानंतर दक्षिण फ्लोरिडातले बांधकामाचे नियम कडक झाले. मार्च २००२पासून सगळ्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांची अतितीव्र वाऱ्याचा विभाग म्हणून वेगळी वर्गवारी आहे. मायामी-डेडमध्ये साधं घरसुद्धा ताशी १७५ मैलांचा, म्हणजे सुमारे २८० किलोमीटरचा वारा धरून बांधावं लागतं.

इम्पॅक्ट काच फुटत नाही असा समज आहे, तो आधी काढून टाका. चाचणीत दोन बाय चार इंची, नऊ पौंडांची फळी हवेच्या तोफेतून सेकंदाला ५० फूट वेगाने काचेवर मारतात. काच तडकते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी होते. पास व्हायचं तर फळी आरपार जाता कामा नये आणि काच चौकटीतून सुटता कामा नये. त्यानंतर तीच फुटलेली खिडकी यंत्रावर चढवून हवेच्या दाबाने हजारो वेळा आत-बाहेर ढकलतात. वादळात असंच होतं, एक फटका आणि मग तासन् तास हेलकावे. दोन काचांच्या मधला प्लास्टिकचा थर हे सगळं सोसतो. नुसती टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) काच यात टिकत नाही, तिचे बारीक दाणे होऊन ती खाली येते. काचेवर फुलीसारखी टेप चिकटवण्याने काहीही साधत नाही, आणि नंतर चिकटवलेली सेफ्टी फिल्म इन्शुरन्सच्या हिशेबात संरक्षण म्हणून चालत नाही.

पहिली वाट: त्याच आकाराची इम्पॅक्ट खिडकी

घराचा चेहरा तोच राहतो, उजेड तोच राहतो आणि वादळ आलं की काहीही करावं लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मराठी घरांसाठी फार मोलाचा आहे. हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. शाळांना सुट्टी जून-जुलैत, म्हणजे आपण सगळे पुण्या-मुंबईत किंवा गावी. गणपती-दिवाळीला गेलो तरी हंगामातच. घर बंद असताना शिडी लावून पॅनल कोण चढवणार? शेजारी भला असला तरी त्याला स्वतःचं घर असतं.

आता अडचणी. अशा आकाराच्या खिडक्या बहुतेक वेळा उघडत नाहीत. दारावर किंवा जिन्याशी त्याने काही बिघडत नाही, पण बेडरूममध्ये बिघडतं. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून बेडरूमला निदान एक खिडकी अशी लागते की उघडल्यावर सुमारे ५.७ चौरस फूट मोकळी जागा मिळेल. तिथे कमान हवीच असेल तर खाली उघडणारी खिडकी आणि वर स्थिर अर्धवर्तुळ अशी जोडी करतात. त्या दोघांमधला आडवा दांडा, ज्याला कॉन्ट्रॅक्टर मुलियन म्हणतात, त्यालाही मान्यता हवी. कोटेशनमध्ये वरच्या काचेची आणि खालच्या खिडकीची मान्यता दाखवतात, दांड्याचं नाव नसतं. मुद्दाम विचारा.

मान्यता म्हणजे मायामी-डेडचं एनओए (नोटिस ऑफ ॲक्सेप्टन्स) किंवा फ्लोरिडाचा प्रॉडक्ट अप्रूव्हल क्रमांक. त्या कागदावर कमाल माप आणि डिझाईन प्रेशर, म्हणजे खिडकी वाऱ्याचा किती दाब सोसेल तो आकडा, दिलेला असतो. कमान असेल तर बहुतेक ठिकाणी तिला बाहेरून वेढणारा चौकोन धरून माप तपासतात. हे प्रेशर तुमच्या भिंतीला लागणाऱ्या प्रेशरपेक्षा जास्त हवं. घराच्या कोपऱ्याजवळच्या खिडकीला मधल्या खिडकीपेक्षा जास्त ओढ बसते, तेव्हा सगळ्या खिडक्यांना एकच आकडा लिहून दिला असेल तर तो कोपऱ्याचा आहे ना, ते बघा.

दुसरी वाट: कमान बुजवून चौकोन करणं

हे ऐकून बायको-नवरा दोघेही आधी नाकं मुरडतात. पण बेडरूममधल्या, घराच्या मागच्या अंगाला असलेल्या कमानीसाठी मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. चौकोनी इम्पॅक्ट खिडकी तयार मापात मिळते, उघडते, पुढे काच बदलायची वेळ आली तर लवकर मिळते. आणि पडदे! अर्धवर्तुळाला पडदा शिवून घेतलेल्यांनाच ठाऊक.

काँक्रीट ब्लॉकच्या काही घरांत वरचा लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) मुळात सरळच असतो आणि कमान नुसती खाली भरून काढलेली असते. तसं असेल तर भराव काढून उलट मोठा चौकोन मिळतो, उजेड वाढतो. नसेल तर कमान भरून काढायची आणि खिडकी थोडी बुटकी होते. दोन्हींत परमिट लागतं आणि भिंतीत हात घालायचा म्हणजे इंजिनिअरचं ड्रॉइंगही लागेल असं धरून चाला. खर्चात स्टको (बाहेरच्या भिंतीचा गिलावा) आणि रंग मोजायला विसरू नका. जुन्या स्टकोला नवा पोत जुळवणं हे कारागिराच्या हाताचं काम आहे. बेताचा कारागीर असला तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बुजवलेली कमान भिंतीवर भुतासारखी दिसत राहते.

घर एचओएत, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघात, असेल तर समोरच्या बाजूला ही वाट जवळपास बंदच समजा. २०२४च्या कायद्याने एचओएला हरिकेन संरक्षणाचे नियम ठरवून द्यावे लागतात, आणि त्या नियमांत बसणारा अर्ज त्यांना नाकारता येत नाही. पण भिंतीचा चेहरा बदलणं ही वेगळी बाब, तिथे समितीची नेहमीची परवानगी लागतेच.

तिसरी वाट: आहे ती काच, वर झाकण

पैशाने ही सगळ्यात हलकी. कष्टाने सगळ्यात जड.

अकॉर्डियन शटर कमानीपुढे बसवता येतं, पण ते सरळ रुळावर चालतं. कमानीच्या माथ्याच्या वर सपाट भिंत हवी आणि घडी होऊन उभं राहायला दोन्ही बाजूंना जागा हवी. कमानीभोवती स्टकोची उठावदार पट्टी असेल, आणि ती बहुधा असतेच, तर रूळ भिंतीपासून पुढे काढून बसवावा लागतो. वर्षभर दिसायला ते फारसं बरं नाही. ॲल्युमिनियमच्या नालीदार पॅनलचंही तसंच, शिवाय ती गॅरेजमध्ये साठवायची, प्रत्येकावर खिडकीचं नाव लिहून ठेवायचं.

वेड्यावाकड्या आकारासाठी या वाटेवर मला खरोखर आवडतो तो कापडी पडदा. घट्ट विणीच्या कृत्रिम धाग्याचं कापड, कडेने धातूच्या रिंगा, भिंतीत कायमचे अँकर. हलकं असतं, घडी करून कपाटात मावतं, आत थोडा उजेडही येऊ देतं. मात्र फटका बसला की ते आत झोळ खातं, म्हणून काचेपासून ठरलेलं अंतर राखूनच बसवावं लागतं. मान्यतेचा क्रमांक असलेलंच घ्या.

हे सगळं जमिनीवरून हात पोचेल अशा खिडकीला ठीक. दाराच्या वर सोळा-अठरा फुटांवरच्या अर्धवर्तुळाला नाही. वादळाच्या आदल्या दिवशी, सरी सुरू झालेल्या असताना त्या उंचीवर शिडी लावणं हा वादळाहून मोठा धोका आहे.

काच आणि चौकट

पहिली वाट घेतली तर दोन-तीन निवडी उरतात. दोन काचांमधला प्लास्टिकचा थर दोन प्रकारचा मिळतो, पीव्हीबीचा किंवा एसजीपीचा. साध्या मापाला पीव्हीबी पुरतो. एसजीपी त्याच्या कितीतरी पट ताठ असतो, काच फुटल्यावरही मोठा तुकडा जागेवर धरून ठेवतो, आणि दमट हवेत कडा पांढुरक्या पडण्याची तक्रार त्यात कमी. समुद्राजवळच्या दुमजली कमानीला मी एसजीपीच म्हणेन, बाथरूमच्या अष्टकोनाला नाही.

चौकटीत विनायल (एक प्रकारचं प्लास्टिक) उष्णता अडवण्यात सरस आहे, बाकी खिडक्यांना घ्यायला हरकत नाही. कमानीत माझा कौल ॲल्युमिनियमला. विनायलची चौकट जाड असते. तीन फुटी अर्धवर्तुळात दोन्हीकडून जाड चौकट आली की काच उरते टीचभर. ॲल्युमिनियम सडपातळ असतं. ते तापतं हे खरं, म्हणून लो-ई काच, म्हणजे उष्णता अडवणारा पातळ लेप असलेली काच, घ्या. खाऱ्या वाऱ्यात स्क्रू कोणत्या धातूचे आहेत तेही विचारा, चौकट शाबूत आणि स्क्रू गंजलेले असं व्हायला नको.

माप

ऑर्डर दिल्यावर ही खिडकी परत घेत नाहीत, म्हणून माप घेताना तिथे उभे राहा. रुंदी, कमानीच्या माथ्याची उंची आणि जिथून वळण सुरू होतं तिथपर्यंतच्या सरळ बाजूची उंची, ही तीन मापं हवीत. सरळ बाजू दोन्हीकडची वेगवेगळी मोजायची.

वळण खरं वर्तुळाचं आहे का, ते घरबसल्या तपासता येतं. समजा रुंदी ७२ इंच आणि वळणाची उंची (माथ्याच्या उंचीतून सरळ बाजू वजा केली की येते ती) १२ इंच आहे. अर्ध्या रुंदीचा वर्ग १२९६, उंचीचा वर्ग १४४, बेरीज १४४०. तिला उंचीच्या दुपटीने, म्हणजे २४ने भागलं की त्रिज्या आली ६० इंच. आता ६० इंचांची दोरी घेऊन पुठ्ठ्यावर कंस काढा, कापा आणि भोकात धरून बघा. स्टकोचा थर एकसारखा नसतो. एका खांद्याला पुठ्ठा टेकेल आणि दुसऱ्याला बोटभर फट दिसेल. तसं झालं तर नुसते आकडे पाठवून चालणार नाही, तोच पुठ्ठा दुरुस्त करून साचा म्हणून कारखान्यात जायला हवा. साच्यावर ठळक लिहा: "बाहेरून पाहताना." तिरप्या किंवा पाव-वर्तुळाच्या खिडकीत डावं-उजवं उलटलं तर ती खिडकी कुठल्याच भोकात बसणार नाही.

पैसे आणि कागद

माय सेफ फ्लोरिडा होम या राज्याच्या योजनेत घराची तपासणी फुकट होते. पात्र असाल तर तुमच्या एका डॉलरला राज्याचे दोन, असं १०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळतं. उत्पन्नाच्या अटी आहेत आणि निधी संपला की अर्ज थांबतात. मंजुरी हातात येण्याआधी काम सुरू केलंत तर त्या कामाला पैसे मिळत नाहीत, तेव्हा कॉन्ट्रॅक्टरच्या घाईला बळी पडू नका.

खिडकी बसली की काचेवरचे स्टिकर लगेच खरवडू नका, परमिटचा इन्स्पेक्टर ते बघतो. तो येऊन गेल्यावर स्टिकरचे जवळून फोटो, मान्यतेचा कागद आणि बंद झालेलं परमिट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि विंड मिटिगेशनची नवी तपासणी करून घ्या. घरात मोठा बदल केला नाही तर तो अहवाल पाच वर्षं चालतो. सवलत एजंट आपणहून लावेल या भरवशावर राहू नका, फॉर्म स्वतः पाठवा आणि पुढच्या नूतनीकरणाच्या बिलात आकडा उतरला का ते बघा.