घरी कपिंग: मान-खांद्याच्या जुन्या दुखण्यावर काही महिने वापरल्यानंतर

माझा मान आणि उजवा खवाटा यांच्यामधला पट्टा बरीच वर्षं दुखतो. दिवसभर संगणकासमोर बसलं की संध्याकाळपर्यंत तो जड होतो, आणि मान वळवली की कानाच्या मागपर्यंत चमक जाते. डॉक्टरांनी नीट तपासलं. हाताला मुंग्या नाहीत, ताकद कमी नाही, नस दबलेली नाही, दुखणं स्नायूंचंच आहे असं सांगून त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. व्यायामांनी फरक पडला. पण वाईट दिवशी स्नायू इतके आखडलेले असायचे की व्यायामासाठी हातच वर जायचा नाही. त्यावर फिजिओथेरपिस्टबाईंनी कपिंग करून दाखवलं आणि घरी करायलाही शिकवलं. तुंबड्या लावणं म्हणतात तेच हे, फक्त आता कप प्लॅस्टिकचे किंवा सिलिकॉनचे असतात. तेव्हापासून काही महिने मी ते नियमाने करते आहे.

घरात दोन प्रकारचे कप आहेत. पहिला संच पंपाचा. पारदर्शक कडक प्लॅस्टिकचे लहानमोठे कप, प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटा व्हॉल्व्ह, आणि हवा ओढायला पिस्तुलासारखा हातपंप. कप त्वचेवर टेकवायचा, पंप व्हॉल्व्हवर बसवायचा आणि खटका ओढायचा. आतली हवा कमी झाली की कातडी आणि तिच्याखालचा मऊ भाग कपात वर उचलला जातो. पारदर्शक असल्यामुळे किती ओढलं गेलं ते दिसतं, आणि या संचाची सगळ्यात मोठी सोय हीच. सोबत एक लांब नळीही आली आहे. ती कप आणि पंप यांच्यामध्ये लावली की पाठीवरच्या कपाची हवा आपली आपण ओढता येते. मात्र कप आधी नेमक्या जागी टेकवून धरायला दुसरा हात लागतोच. माझ्याकडे ते काम नवरा करतो.

दुसरा संच सिलिकॉनच्या मऊ कपांचा. कप दाबायचा, दाबलेलाच त्वचेवर ठेवायचा आणि सोडायचा. तो पूर्ववत व्हायला बघतो आणि त्यातूनच ओढ तयार होते. ओढ किती, हे आकड्यात कळत नाही, पण किती दाबला यावर ती ठरते आणि दोन-चार वेळा केल्यावर हाताला अंदाज येतो. खांद्यावर, दंडावर, मांडीवर, पोटरीवर हे कप एकट्याला सहज लावता येतात.

सुरुवातीला पंपाचा संच जास्त वापरला जायचा, आता सिलिकॉनचाच हातात येतो. कारण कप एका जागी ठेवून देण्यापेक्षा तेल लावून तो हळूहळू सरकवणं मला कितीतरी जास्त लागू पडलं. कडक कपाची कड सरकवताना त्वचेला टोचते, मऊ कप वळणाप्रमाणे वाकतो.

सरकवायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळा फरक इथेच आहे. आधी गरम पाण्याने अंघोळ किंवा थोडा शेक. मग साधं तेल, तेही सढळ हाताने. तेल कमी पडलं तर कप अडकतो आणि कातडी ओढली जाऊन आग होते. मी खुर्चीवर उलटी बसते, हात पाठीच्या टेकूवर, कपाळ हातांवर. असं बसलं की खवाटे बाजूला सरकतात आणि मधला भाग मोकळा होतो. नवरा कप अर्धाच दाबतो, खांद्याच्या टोकाकडे लावतो आणि मानेच्या बुंध्याकडे अगदी सावकाश आणतो. मग खवाट्याच्या आतल्या कडेने खाली. कप चांगल्या भागावरून निमूट जातो आणि आखडलेल्या गाठीपाशी आला की त्याची गती आपोआप मंदावते. हे त्याच्या बोटांना कळतं आणि मला पाठीत कळतं. तो म्हणतो, “इथेच ना?” आणि मी मान हलवायच्या आधीच तिथे थांबलेला असतो. त्या जागी कप काही श्वास तसाच ठेवायचा, मग कडेला बोट दाबून हवा आत घ्यायची आणि पुन्हा वरून सुरुवात. एका बाजूला पाचेक मिनिटं पुरतात. ओढून काढायचा कधीच नाही, कड दाबूनच सोडवायचा. पंपाच्या कपाला व्हॉल्व्हची दांडी वर उचलली की तो सुटतो.

संवेदना नेमकी कशी, हे नवीन माणसाला हमखास विचारावंसं वाटतं. मालिशमध्ये स्नायू दाबला जातो, इथे तो वर उचलला जातो. आधी घट्ट ताण, मग ऊब, आणि एक-दोन मिनिटांत ताण सैल पडल्यासारखा वाटतो. दुखायला मात्र नको. दुखलं, टोचलं, मुंग्या आल्या तर कप लगेच काढायचा. थोडं सहन केलं की जास्त फायदा होतो असं काही नसतं.

आता डागांबद्दल. कप एका जागी ठेवला तर गोल लाल-जांभळा चट्टा उठतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यांवर असे चट्टे दिसले आणि जगभर लोकांना कपिंग नव्याने माहीत झालं. त्या चट्ट्यांबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की शरीरातली विषारी द्रव्यं वर आली म्हणून रंग गडद झाला आणि जितका गडद तितका त्रास जुना. हे खरं नाही. ओढीमुळे त्वचेखालच्या केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूच्या ऊतींत उतरतं. मार लागून काळंनिळं होतं तसाच हा प्रकार. म्हणून तर तो चट्टा मार लागलेल्या जागेसारखाच हिरवट-पिवळा होत जातो आणि काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, मावळतो. आम्ही मुद्दाम दोन्ही खांद्यांवर वेगवेगळी ओढ लावून बघितली. जास्त ओढलेल्या बाजूला चट्टा गडद आला, आराम मात्र दोन्हीकडे सारखाच. उलट गडद चट्टा असेपर्यंत ती जागा हाताला हुळहुळी लागते आणि तिथे पुन्हा कप लावता येत नाही. सरकत्या कपाने फक्त लाली येते आणि ती बहुतेकदा त्याच रात्री उतरते. त्यामुळे कुणी “चट्टा उठला नाही म्हणजे नीट झालं नाही” म्हटलं तर मी ते ठामपणे नाकारते.

उपयोग किती झाला? कपिंग केल्यावर लगेच मान दोन्हीकडे जास्त वळते. हा फरक इतका ठळक आहे की नवऱ्यालाही नुसतं बघून कळतो. त्या रात्री झोप चांगली लागते. हा मोकळेपणा साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, कधी तिसऱ्या. त्यानंतर, बाकी काही केलं नाही तर, दुखणं हळूहळू जुन्या जागी येऊन बसतं. म्हणजे एकट्या कपिंगने माझं दुखणं गेलेलं नाही आणि जाईल असं मला वाटतही नाही.

पण तो मोकळा एक-दीड दिवस माझ्यासाठी फार मोलाचा आहे. ज्या व्यायामांना आखडलेली मान दाद देत नव्हती, ते त्या वेळात होतात. हनुवटी आत घेणं, खवाटे मागे ओढून धरणं, रबरी पट्टा ताणणं, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं. कपिंग झाल्यावर थोड्या वेळाने हलकी हालचाल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण व्यायाम, असा क्रम आता बसला आहे. या काही महिन्यांत वाईट दिवस कमी झाले आहेत, वेदनाशामक गोळी क्वचित लागते, आणि याचं मोठं श्रेय मी व्यायामाला देते. कपांनी व्यायामाचा रस्ता मोकळा केला. ज्यांना व्यायाम करायचाच नाही आणि नुसत्या कपांवर भागवायचं आहे, त्यांनी अपेक्षा बेताचीच ठेवावी.

संशोधनही साधारण याच दिशेने बोलतं. जर्मनीतल्या संशोधकांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर नेमका घरच्या कपिंगचाच आहे. मानेच्या जुनाट दुखण्याच्या ६१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला घरच्याच माणसाकडून कपिंग-मालिश, दुसऱ्याला स्नायू क्रमाक्रमाने आवळून सैल सोडण्याचा सराव, दोन्ही १२ आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं, पण दोघांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. कपिंगच्या गटाला एकूण बरं वाटणं आणि दाबल्यावर कमी दुखणं, एवढ्या दोन बाबतींत जास्त फायदा दिसला. २०१६ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या विकाराच्या, रुग्णांवर खऱ्या आणि ओढ न टिकणाऱ्या लटक्या कपांची तुलना झाली. तिथेही खऱ्या कपांचा लटक्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. एकंदर पुरावा थोड्या काळाच्या आरामाच्या बाजूने झुकतो, पण तो भक्कम नाही, कारण पाठीवर कप लावला आहे की नाही हे रुग्णापासून लपवणं अवघड असतं. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. जपून केलं तर धोका कमी, रोजच्या गोळ्यांपेक्षा बरं, आणि पंधरा मिनिटं कुणीतरी आपल्या पाठीकडे लक्ष देतं, याचाही दुखण्यावर परिणाम होतोच. फक्त कुणी यातून सगळे रोग बरे होतात म्हणून गळ्यात मारत असेल तर तिथून निघावं.

मानेखेरीज इतरत्र कमीजास्त अनुभव आला. पोटऱ्यांना फार छान, खूप चालणं झालं की घोट्याच्या वरून गुडघ्याच्या खालपर्यंत हलका कप फिरवला की पाय हलके वाटतात. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या जाड स्नायूंवर ठीक, पण त्यापेक्षा शेक जास्त चांगला. टाचदुखीला काही उपयोग झाला नाही, तिथली कातडी जाड आणि मांस कमी, कप धरतच नाही. केस असलेल्या जागीही कडेने हवा शिरते आणि कप सुटतो. नवऱ्याच्या पाठीला यासाठी दुप्पट तेल लागतं.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. आईने माझी लाली बघून “माझ्याही गुडघ्याला लाव गं” म्हटलं. मी नाही म्हटलं. ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते, आणि वयामुळे तिची कातडीही पातळ झाली आहे. अशा माणसाला लहानशा ओढीनेही मोठं काळंनिळं होऊ शकतं. ती जरा खट्टू झाली, पण तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले, रक्त गोठण्याचा विकार किंवा प्लेटलेट कमी असलेले, पायाच्या शिरेत गुठळी झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, पेसमेकर असलेले, बराच काळ स्टिरॉइड घेतलेले, मधुमेहाने संवेदना कमी झालेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कपाला हात लावू नये. गरोदरपणात पोट आणि कंबर पूर्ण वर्ज्य. सोरायसिस असेल तर कपामुळे झालेल्या इजेच्या जागीच नवे चट्टे उठू शकतात. इसब, जखम, भाजलेली किंवा उन्हाने पोळलेली कातडी, फुगलेल्या शिरा, मानेची पुढची बाजू, मणक्याचं हाड आणि तीळ-मस यांच्यावर कप नको.

एका जागी ठेवायचाच असेल तर पाच मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दहाच्या पुढे जाऊ नये. जास्त ओढ आणि जास्त वेळ एकत्र आले की फोड येतात, आणि फोड आला की संसर्गाची भीती. काचेच्या कपात जाळ फिरवून केलं जाणारं कपिंग घरी करू नका, त्याने भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. कातडीला चिरा देऊन रक्त काढण्याचा प्रकार तर घरी मुळीच नाही. त्याला निर्जंतुक साधनं आणि प्रशिक्षित हात लागतात. आणि दुखण्यासोबत हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, छातीत दुखून खांद्याकडे कळ जाणं, यांतलं काही असेल तर कप बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

वस्तू म्हणून बघायचं तर पंपाच्या संचाचे व्हॉल्व्ह हा कच्चा दुवा आहे. दोन कपांची हवा आता मिनिटभरात गळते. धुताना पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं आणि आत तेलाचा चिकट थर बसला की असं होतं. म्हणून ते कप फक्त आतून-बाहेरून साबणाच्या फडक्याने पुसून कोरडे करते. पंपाचा वॉशरही मधूनमधून कोरडा पडून ओढ कमी होते, तेलाचा एक थेंब दिला की चालतो. सिलिकॉनचे कप मात्र कोमट साबणपाण्यात बिनधास्त धुता येतात, उकळताही येतात, आणि इतक्या वापरानंतरही नवे होते तसेच आहेत. वास मात्र धरतात, त्यामुळे उग्र वासाचं तेल टाळते. घरात दोघंजण वापरत असाल तर कप वेगळे ठेवा.

नवीन घेणाऱ्याला मी सिलिकॉनचे चार कप सुचवेन, दोन मध्यम, एक मोठा, एक लहान. बारा-चोवीस कपांच्या पेटीतले निम्मे कधी हातात येत नाहीत. पहिल्यांदा एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या आणि घरी जो माणूस तुम्हाला लावणार आहे त्याला सोबत न्या. ओढ किती असावी हे त्याने आधी स्वतःच्या दंडावर लावून बघितलं की तुमच्या पाठीवर त्याचा हात आपोआप हलका राहतो.