भरपाई गुन्हेगाराच्या पगारातून की सरकारी योजनेतून?

हल्ल्यात हात निकामी झाला, हल्लेखोराला शिक्षाही झाली. पण ऑपरेशनचे पैसे कोण देणार? माझं स्पष्ट मत: आधी सरकारी योजनेत अर्ज करा, पण गुन्हेगाराकडून वसुलीचा हक्क सोडू नका.

ज्यानं इजा केली त्याच्याच पगारातून पैसे कापले जावेत, हे मनाला पटतं. त्यासाठी दिवाणी दावा जिंकून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, घ्यावा लागतो, मग दरखास्त, म्हणजे त्याच्या वसुलीसाठी कोर्टात अर्ज. कोर्ट त्याच्या मालकाला पगार कापायला सांगतं. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे जप्तीसाठी धरला जाणारा पगार ३१,००० असेल, तर महिन्याला १०,००० कापले जातील. तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच, म्हणजे २,४०,०००. हुकूमनामा सहा लाखांचा असेल तर बाकीच्यासाठी त्याची जमीन, गाडी, बँक खातं शोधत बसा. मजुराच्या मजुरीला तर हातही लावता येत नाही. आणि तो तुरुंगात गेला की पगारच थांबतो. कैद्यांच्या कमाईतला काही भाग पीडितांसाठी ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सांगितलं खरं, पण त्या कमाईवर मोठं बिल फिटत नाही.

फौजदारी कोर्टही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या प्रक्रियेचा कायदा) कलम ३९५ खाली भरपाई देऊ शकतं. यासाठी वेगळा दावा लागत नाही, म्हणून निकालाआधीच सरकारी वकिलांना ही मागणी करायला सांगा. भरपाईचा विचार करणं कोर्टाचं कर्तव्यच आहे, असं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरलंय. दंडातून मिळणारी रक्कम मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत अडकते.

त्याच संहितेच्या कलम ३९६ ची सरकारी योजना वेगळी. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपी सापडलेला नसला तरी चालतो, चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते, अंतरिम मदतही मागता येते. रक्कम ठरलेल्या तक्त्यानुसार मिळते, तुमच्या खऱ्या खर्चानुसार नाही. फसवणुकीत बुडालेले पैसे इथून परत मिळतील, असं धरून चालू नका.

दिवाणी दाव्याचा खर्च आणि वर्षं मी फक्त एकाच परिस्थितीत सोसायला सांगेन: समोरचा पक्क्या नोकरीत आहे किंवा त्याच्या नावावर मालमत्ता आहे. मग त्याच्या मालकाचं नाव-पत्ता आजच लिहून ठेवा. त्यानं नोकरी बदलली, की नवा पत्ता कोर्टाला तुम्हालाच द्यावा लागेल.