शोरूमच्या गाडीत पंचगंगेचा गाळ

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला किती वेळ लागतो? पाच सेकंद. तेवढे मी दिले नाहीत आणि 9,87,450 रुपये घालवून बसलो. लाज याची, की मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात माल तपासायला, क्वालिटीला आहे. कास्टिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढं ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, दिसलं तरी जॉब बाजूला टाकतो. गाडी मात्र हार घालून, नारळ फोडून, न बघता घेतली.

दसरा होता, 15 ऑक्टोबर 2021. घरचे 2,87,450, कर्ज 7 लाख, हप्ता 14,194, असे साठ. त्यात 6,500 'हँडलिंग चार्जेस', ते कशाचे हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. सेल्समन एका हाताने पेढा देतोय, दुसऱ्या हाताने कागद पुढं करतोय. "सर, मुहूर्त टळतोय, इथं सही करा, टिका मी मारतो." पीडीआयची, म्हणजे गाडी ताब्यात देण्याआधीच्या तपासणीची, यादी कोरी. खाली छापलेलं, 'गाडी तपासून सुस्थितीत मिळाली.' केली सही.

आणि तेवढ्यात ही मागच्या सीटवर बसली अन् म्हणाली, "अहो, ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

2019 च्या महापुरात आमच्या शाहूपुरीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर दोन महिने तिनं फिनेलनं फरशा घासल्या. तो वास तिला नाही कळणार तर कुणाला? मी चारचौघांत म्हणालो, "नवीन गाडीचा वास असतोय तो, गप बस." डॅशबोर्डवर परफ्यूमच्या तीन बाटल्या होत्या. तीन! मला वाटलं, फुकट दिल्यात.

कुणी म्हणेल, एवढंही कळलं नाही? दसऱ्याला शोरूममध्ये गाड्यांची रांग लागलेली असते, मागचा माणूस खोळंबलेला असतो, आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी असते. त्यात गालिचा कोण उचलतो? जुलैतल्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता हे आख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे, पण शोरूमचं गाड्या ठेवायचं यार्ड कुठं आहे हे विचारायचं तुमच्या तरी डोक्यात आलं असतं का? फॉर्म 21 वर, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्यावर, गाडी बनल्याचा महिना छापलेला असतो. माझ्या फॉर्मवर जून 2021 होता, म्हणजे पुराच्या आधीचा. तो मी वाचला डिसेंबरात.

कारण नोव्हेंबरात गाडी वेड्यासारखं करायला लागली. सेंट्रल लॉक आपोआप पडायचं, स्टीअरिंग जड व्हायचं, एअरबॅगचा दिवा विझायचाच नाही. पाच वेळा वर्कशॉपला नेली. जॉबकार्डवर पाचही वेळा 'जनरल चेकअप'. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, नाही लिहिली तर किल्ली देऊ नका. शेवटी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं गालिचा उचलला. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या, वायरिंगखाली वाळलेला गाळ. त्यानं सीटबेल्ट पार ओढला. पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ. "दादा, ही बघा पूररेषा," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

मग पायपीट. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. आरटीओत म्हणाले, आम्ही कागद बघून पासिंग करतो, वास बघत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, कंपनीनं 'गाडी तपासली, दोष नाही' असं कळवलं की तिकडं तक्रार निकाली! कंपनीचं पुढचं उत्तर, डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे. हे नुसतं हात झटकणं नाही बरं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानंच एका प्रकरणात सांगितलंय, डीलरच्या लबाडीला कंपनी आपोआप जबाबदार धरता येत नाही. तिथं ग्राहकाला 2009 ची गाडी 2011 ची म्हणून दिली होती.

मित्राचा पोरगा अमेरिकेत असतो. त्याला वाटलं, गाडी परत का करत नाहीत? तिकडं 1982 मध्ये कनेक्टिकटनं सुरुवात केली आणि आता राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आहे, ठरावीक वेळा दुरुस्त होऊनही दोष राहिला तर बदली गाडी नाहीतर पैसे. आपल्याकडं वेगळा कायदा नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि दोष सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. त्यासाठी कलम 38 खाली ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याची फी अर्थातच आधी आपण भरायची. डीलरचा वकील मात्र प्रत्येक तारखेला तीच सही दाखवतो, 'तपासून मिळाली'.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, लक्षात ठेवा. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणत ते ती मुदतच खातात. मी ऑगस्ट 2023 मध्ये, जेमतेम, तक्रार दाखल केली. गाडी पाच ते दहा लाखांची असेल तर फी फक्त 200 रुपये, वकील लागतोच असंही नाही. मी नेमला, 25,000 ला. प्रयोगशाळेचा अहवाल लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय. कुणी वाचलंय की नाही कोण जाणे. 18 ऑगस्ट 2025 ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, आमच्या वकिलांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, माझ्या गाडीचा अहवाल? "येईल की."

पावत्या, चॅट, गालिचाखालचे फोटो, सगळं तारीख दिसेल असं ठेवा. गाळ धुवू देऊ नका, वर्कशॉपवाले 'फ्री इंटिरिअर क्लीनिंग' आपणहून देतात. मी एकदा दिलं करायला. मागच्या सीटचा पट्टा तेवढा राहिला म्हणून रेघ वाचली.

गाडी बोळात ताडपत्रीखाली उभी आहे. पाच तारखेला 14,194 कापले गेल्याचा मेसेज येतो. ही तो वाचते आणि फोन उलटा ठेवते. वासाबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही.